रोहिणीची लय

निपाणीच्या चौघीजणी कॅसिनोला फसवायला निघाल्या, तेव्हा त्यांच्या मनात पाप नव्हतं, फक्त हौस होती. फुकट ते पौष्टिक, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

पणजीला मांडवीच्या पात्रात ‘सोनचाफा’ नावाची कॅसिनोची बोट उभी असे. गिऱ्हाईक आणायला बोटीची स्वतःची गाडी निपाणीपर्यंत येई आणि आंबोलीच्या घाटातून सुखरूप नेऊन परत सोडी. जाणं-येणं फुकट, दुपारचं जेवण फुकट, वर खेळायला थोडं कुपन. शहाण्या माणसानं कुपनापुरतं खेळावं, पोटभर जेवावं आणि गाडीत येऊन झोपावं. या चौघी शहाण्याच होत्या. निदान तिघी तरी.

त्यांची भिशी होती. दरमहा सगळ्यांनी पैसे घालायचे, चिठ्ठी निघेल तिनं उचलायचे. उज्ज्वला मगदूम ही भिशीची मुख्य. तिचा पूर्वी टाइपिंगचा क्लास होता. लोक यंत्राशी बोलून पत्रं लिहायला लागले, तेव्हा क्लासला कुलूप लागलं, पण कान तयार झाला तो झालाच. वर्गाकडे पाठ करून उभी राहिली तरी कुठली मुलगी टाइप करतेय ते ती नाव घेऊन सांगे. दुसरी पद्मजा उपाध्ये, जिला प्रत्येक गोष्ट पटे. तिसरी नसीम मुल्लाणी, जिला कुठलीच गोष्ट पटकन पटत नसे. आणि चौथी रोहिणी चौगुले. शहाण्यांमध्ये जी बसत नाही, ती हीच.

रोहिणी हरली की नाकातून फुस्सकन हसायची, यंत्राला थोपटायची, “जा बाई, खा,” म्हणायची आणि लागोपाठ दोनदा बटण दाबायची. जिंकली की मात्र गप्प व्हायची, जणू कुणी रागावलंय. नवरा गेल्यापासून ती तशीच मोकळी झाली होती. तिला धरून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला उज्ज्वलाच्या लक्षात आलं की आपल्याला चहाचं कुपन मिळतं आणि रोहिणीला नदीकडच्या बाजूची खोली. खेळल्या दोघीही सारख्याच रकमेला.

“हिला का लाडानं वागवतात गं?” पद्मजानं विचारलं.

“हिच्या बोटात काहीतरी आहे,” उज्ज्वला म्हणाली. गमतीनंच म्हणाली, पण ते खरं होतं.

इथं यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. चेहरे टिपून ठेवायला कायद्यानं बंदी आल्यापासून कॅसिनोवाल्यांनी दुसरी वाट काढली होती. आपलं सभासद-कार्ड खाचेत सरकवायचं आणि बटणावर बोट ठेवायचं. बटणाखालच्या पातळ पट्टीला बोटाचा दाब कळे, बोटातली नाडी कळे आणि चाकं थांबल्यापासून पुन्हा बटण दाबेपर्यंत किती वेळ गेला तेही कळे. हरल्यावर हा माणूस घाई करतो की थबकतो, जिंकल्यावर श्वास धरतो की सोडतो, अशा असंख्य बारीक गोष्टींवरून यंत्र प्रत्येक कार्डाची एक लय बांधत असे. लय एकदा बांधली की माणूस पुढं काय करील याचा अंदाज येतो. भेटी मिळत त्या या अंदाजावर. तुम्ही आज किती हरलात याला फारशी किंमत नव्हती. पुढं तुम्ही किती हराल असं यंत्राला वाटतं, त्या प्रमाणात जेवण, खोली, खरेदीची कुपनं.

म्हणजे हरणारा दिसायचं आणि हरायचं मात्र चिमूटभर. उज्ज्वलानं ही मेख ओळखली आणि तिच्यातली टाइपिंगची बाई जागी झाली. तिनं ठरवलं की चौघींनी एकाच कार्डावर खेळायचं, रोहिणीच्या. आणि रोहिणीसारखंच खेळायचं. कार्ड वर चढेल, भेटी वाढतील. खोली कुणाला, कुपन कुणाला, ते भिशीसारखं चिठ्ठी टाकून ठरवायचं.

“एकाचं कार्ड दुसऱ्यानं वापरायचं नाही असं लिहिलंय त्यांनी,” नसीम म्हणाली.

“त्यांनी लिहिलंय, पण आपल्याला बोलावतात कशाला? लुटायलाच ना? चोरावर मोर झालं तर बिघडलं कुठं?”

नसीमनं खांदे उडवले. पुढचे काही रविवार उज्ज्वलाच्या स्वयंपाकघरात ओट्यावर बोटं बडवून शिकवणी झाली. रोहिणी मधोमध बसून हसून हसून बेजार व्हायची. पद्मजाला आणि नसीमला ते काही जमलं नाही. उज्ज्वलाला मात्र असं जमलं की डोळे मिटून ऐकलं तर रोहिणीलाच कळेना, आत्ता बोटं कुणाची वाजली.

एक वर्ष मजेत गेलं. मग हिवाळ्यात एका सकाळी रोहिणी देवापुढं फुलं वाहताना बसल्या जागी कलंडली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. तिची मुलगी गौतमी पुण्याहून आली. तिनं सगळं केलं आणि घराला कुलूप लावून परत गेली. कार्ड उज्ज्वलाच्या पर्समध्ये राहिलं होतं, कारण त्या महिन्याची पाळी तिची होती.

पंधरवडा गेला असेल, तोच उज्ज्वलाच्या फोनवर निरोप आला. भेटींचे निरोप आपल्याकडे यावेत म्हणून कार्डावर नंबर तिनं आपलाच दिला होता. ‘रोहिणीताई, बऱ्याच दिवसांत आला नाहीत. आम्हाला तुमची आठवण येते. या वेळी जेवण, खोली आणि गाडी, सगळं आमच्याकडून.’

भिशीत तो निरोप वाचून दाखवला, तेव्हा पद्मजाच्या डोळ्यांत पाणी आलं. नसीम उठून उभीच राहिली.

“मेलेल्या बाईच्या नावावर जेवायचं? मला नाही जमणार. आणि उज्ज्वला, तूही जाऊ नकोस. हे चांगलं नाही बघ.”

“एकदाच गं. तिच्या आठवणीसाठी.”

“आठवणीसाठी घरी फोटो लावतात,” नसीम म्हणाली आणि चहा न घेता निघून गेली. तिनं भिशी सोडली ती सोडलीच. पद्मजा एकदा आली, तिला बोटीवर रडू आलं, मग तीही येईनाशी झाली.

उज्ज्वला जात राहिली. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. भेटींची चटक होती, हे खरं. घरी नवरा श्रीधर वीज कार्यालयातून निवृत्त होऊन खुर्चीत बसलेला, बोलणं भाजी काय आणू यापलीकडे जात नसे, हेही खरं. पण बोटीवर यंत्रासमोर बसून तिनं ‘जा बाई, खा’ म्हटलं की बाजूला रोहिणी बसल्यासारखं वाटे. मैत्रीण गेल्याचं दुःख तिला फार झालं होतं आणि ते करायला दुसरी जागा नव्हती.

सुरुवातीला यंत्र नाराज असे. खेळ संपला की पडद्यावर ‘आज थकलेल्या दिसता, रोहिणीताई’ एवढं येई आणि हातात एक चहा. उज्ज्वला समजली, की ओट्यावर बोटं वाजवणं वेगळं आणि नाडी वाजवणं वेगळं. नाडीची नक्कल करता येत नाही. पण श्वासाच्या मागं नाडी जाते आणि हसण्याच्या मागं श्वास जातो. खोटं हसून भागत नव्हतं, खरंच हसावं लागत होतं. हरल्यावर खरंच हसू यायचं तर हरल्याचं काही न वाटणं भाग होतं. तिनं तोही सराव केला. ज्या दिवशी तिला खरोखर काही वाटलं नाही, त्या दिवशी पडद्यावर आलं, ‘किती दिवसांनी भेटलात!’ आणि नदीकडची खोली मिळाली.

त्या खोलीत तिच्यासाठी गुळाची कोरी कॉफी ठेवलेली असे. रोहिणीची आवड. उज्ज्वलाला कॉफीच्या वासानंही मळमळायचं. फुकट आलेलं टाकवत नाही म्हणून तिनं आधी घोटभर घेतली, मग अर्धी, मग पुरी. उन्हाळा संपेपर्यंत घरातला चहा बंद झाला.

एकदा सहज, बोट दुखत होतं म्हणून तिनं डाव्या हाताच्या अनामिकेनं बटण दाबलं. पडदा उजळला आणि कधी नव्हे ती रेशमी साडी भेट आली. गंमत वाटून तिनं पुढंही तसंच केलं. यंत्र खूश. मान जराशी डावीकडे कलली की खूश. पदराचं टोक उजव्या हातात धरलं की दाब बदले, तेही त्याला आवडे. लपंडावात ‘जवळ, आणखी जवळ’ असं कुणी सांगत राहावं तसं यंत्र तिला भेटी दाखवून पुढं नेत होतं. ती जात होती.

वर्षश्राद्धाला गौतमी निपाणीला आली. बंद घर उघडलं, धुतलं, स्वयंपाकाला आचारी बोलावला. मदतीला उज्ज्वला होतीच. पानं वाढताना तिच्या हातून खिरीची वाटी निसटली आणि फरशीवर खीर पसरली. उज्ज्वला नाकातून फुस्सकन हसली, डाव्या हातानं फरशी थोपटली आणि म्हणाली, “जा बाई, खा.”

गौतमी दारात उभी होती. तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

“मावशी, तुम्ही डावऱ्या कधीपासून झालात?”

“मी? छे गं. तशीच सवय लागली. तुझी आई काय डावरी होती?”

“नव्हती. पण शेवटचं वर्षभर तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर असायची. कुणी बघत नसलं की डाव्या बोटानं करायची सगळं. कुणाला सांगू नको म्हणाली होती. तुम्हालाही सांगितलं नव्हतं ना?”

नव्हतं सांगितलं. तिघींत कुणालाच ठाऊक नव्हतं, ते या बोटाला कुणी शिकवलं, हे उज्ज्वलाला त्या क्षणी उमगलं. तिला वाटलं होतं की आपण रोहिणीला आठवून आठवून उतरवतोय. पण हे आठवण्यातलं नव्हतं. हे यंत्रापाशी होतं.

ती भ्याली, पण गौतमीच्या चेहऱ्याकडे बघून तिनं खीर पुसायला घेतली. पोरगी वेड्यासारखी तिच्या हाताकडे बघत होती. जाताना तिनं उज्ज्वलाला घट्ट मिठी मारली आणि खांद्यावर डोकं ठेवून राहिली.

त्यानंतर दर आठवड्याला पुण्याहून फोन येऊ लागला. “मावशी, काही बोलू नका. नुसतं हसा ना एकदा.” उज्ज्वला हसे. पलीकडे पोर मुसमुसे आणि “बरं वाटलं” म्हणून फोन ठेवी. हे सोडायचं कसं? एका मेलेल्या बाईचं कार्ड वापरणं चूक, हे कुणीही सांगेल. पण एका पोरीला तिची आई आठवड्यातून एकदा ऐकू येत असेल, तर त्यात चूक काय, हे कोण सांगणार?

घरातही बदल झाला होता. श्रीधर खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात येऊन बसू लागला. दूध उतू गेलं, भाजी करपली, की ती हसे आणि तोही हसे. एकदा त्यानं कित्येक वर्षांत पहिल्यांदा गजरा आणला. तिला सुख झालं. पण गजरा नक्की कुणासाठी आला, असं तिच्या मनात येऊन गेलं.

मग श्रावणातला तो दिवस उजाडला. उज्ज्वलाची एक रीत होती. कुपन संपलं की बटणावरून बोट उचलायचं. इतकी वर्षं ती कधी मोडली नव्हती. त्या दुपारी ती खेळत बसली. कुपन संपलं, ती हसली. जवळचं संपलं, थोपटलं. भिशीचे पैसे तिच्याकडे होते, नव्या बायकांनी विश्वासानं ठेवलेले. तेही गेले. “जा बाई, खा.” गाडी सुटायची वेळ झाल्याचं कुणीतरी येऊन सांगितलं, तेव्हा तिनं पर्समध्ये पाहिलं. पर्स रिकामी होती. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. वाईट वाटायची वाट बघत ती बसून राहिली, पण ते आलं नाही.

याची मात्र तिला भीती वाटली. ती तडक उठली आणि बोटीच्या पाहुणचार विभागात गेली. तिथं दीपा शिरोडकर नावाची गोड बोलणारी तरुण मुलगी बसलेली होती. उज्ज्वलानं कार्ड तिच्यापुढं ठेवलं.

“हे माझं नाही. माझी मैत्रीण वारली, तिचं आहे. मी दीड वर्ष तुम्हाला फसवतेय. काय शिक्षा करायची ती करा, पण हे परत घ्या.”

दीपा जराही दचकली नाही. तिनं कॉफी मागवली, गुळाची.

“ताई, आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“माहीत होतं?”

“मेलेल्या माणसाची नाडी कशी लागणार? दुसऱ्या कुणाची लागली की यंत्राला कळतंच.”

“मग मला अडवलं का नाही? भेटी कशाला देत राहिलात?”

दीपानं थोडा विचार केला. सांगू की नको, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ती म्हणाली, “बघा, यंत्राला आम्ही एकच काम सांगितलंय. यायचं थांबलेलं चांगलं गिऱ्हाईक परत आणायचं. कसं आणायचं ते त्याचं त्यानं बघायचं. रोहिणीताई फार चांगलं गिऱ्हाईक होत्या. त्या यायच्या थांबल्या. मग त्यांच्या खुर्चीत कुणीतरी बसलं, थोडंसं त्यांच्यासारखं. यंत्राला वाटलं, थोड्या आल्या आहेत. उरलेल्याही आणता येतील.”

“म्हणजे त्या भेटी मला नव्हत्याच.”

“नाही ताई. त्या रोहिणीताईंना परत बोलवायला होत्या. ज्या दिवशी जेवढ्या त्या दिसत, तेवढ्या देत होतो.”

“हे कुणी ठरवलं?”

“कुणीच नाही,” दीपा म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं. “त्यांच्यासारखं होणं तुम्हीच सुरू केलंत ना? यंत्र फक्त मदत करत गेलं. नियमानं बघितलं तर गुन्हा तुमचा आहे. पण आमची काही तक्रार नाही. आजच्या दिवसानंतर तर अजिबातच नाही.”

आज ती हरली होती. पहिल्यांदाच, रोहिणीसारखी, मोकळ्या मनानं.

“माझं स्वतःचं कार्ड होतं,” उज्ज्वला म्हणाली. आपला आवाज आपल्यालाच अनोळखी वाटतोय, असं तिला झालं. “उज्ज्वला मगदूम. ते चालू करून द्या. मला माझ्यासारखं खेळून बघायचंय. एकदाच.”

दीपानं पडद्यावर नाव घातलं, थोडं वाचलं आणि पडदा हळूच आपल्याकडे वळवला.

“ते यंत्रानं कधीच काढून टाकलंय, ताई. कुपनापुरतं खेळणारे, जेवून जाणारे. अशांना आम्ही परत बोलवत नाही.”

बाहेर गाडी थांबवून ठेवली होती, रोहिणीताईंसाठी.

भिशीचे पैसे तिनं बांगड्या मोडून दुसऱ्याच दिवशी भरले. त्याबद्दल तिला वाईट वाटायला हवं होतं, तेही नीट वाटलं नाही. संध्याकाळी तिनं श्रीधरला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ओट्यावरची शिकवणी, डावं बोट, गौतमीचे फोन, दीपा. तो ओरडेल, निदान बांगड्यांबद्दल तरी बोलेल, असं तिला वाटत होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. निदान ज्या बाईवर तो पूर्वी ओरडायचा, तिच्यावर तरी ओरडला असता.

त्यानं विचारलं ते एवढंच.

“कार्ड परत दिलंस ना?”

“दिलं. आता जाणार नाही.”

“बरं केलंस.” तो घुटमळला. हातातल्या टॉवेलची त्यानं उगाच घडी केली, उलगडली. “पण मग... तू आता परत पहिल्यासारखी होणार काय?”

त्याच्या आवाजात काळजी होती. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यानं तिच्याकडे असं काही मागितलं नव्हतं. आणि त्यानं मागितलं होतं ते हे, की तू परत येऊ नकोस.

“पहिली कशी होते मी?” तिनं विचारलं. “सांगा ना. मला आठवत नाही. हसायची कशी?”

श्रीधरनं प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न केला. भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

“तू?” तो म्हणाला. “तू कुठं हसायचीस गं?”

ती पहिली उज्ज्वला यंत्रानं परत बोलावली नाही, गौतमीला नको होती, आणि ज्याच्यासोबत सगळा जन्म काढला त्यालाही नको होती. तिच्यासाठी रडायला जगात एकच माणूस उरलं होतं, ती स्वतः. तिनं पदर तोंडाला लावला आणि रडू यायची वाट पाहिली.

नाकातून फुस्सकन हसू आलं.

श्रीधरच्या कपाळावरच्या आठ्या विरघळल्या. “घाबरवलंस की मला,” असं म्हणत तो उठला आणि तिच्यासाठी गुळाच्या कॉफीचं आधण ठेवायला स्वयंपाकघरात गेला.